हाडासाठीची गोळी आणि दादाचा राग

मोडलेलं हाड जुळावं म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी देतात, हे मला दादाच्या पायामुळे कळलं. नडगी मोडली होती. ऑपरेशन होऊन आत रॉड बसवला होता. पण एक्स-रेमागून एक्स-रे झाले तरी मोडलेल्या टोकांच्या मधे नव्या हाडाची जी गाठ दिसायला हवी, डॉक्टर जिला कॅलस म्हणतात, ती धरतच नव्हती. डॉक्टर सरळ बोलणारे. म्हणाले, "सिम्वास्टॅटिन नावाची गोळी आहे. तुमचं कोलेस्टेरॉल तसंही थोडं वरच्या बाजूला आहे, त्यामुळे द्यायला हरकत नाही. हाडाला तिचा उपयोग होतो असं प्राण्यांमध्ये दिसलंय. माणसांत अजून पक्कं काही नाही. चार महिने घेऊन बघू." इतकं स्वच्छ सांगणारा डॉक्टर भेटला याचं मला तेव्हाही बरं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

गोळी रात्री झोपताना घ्यायची होती. स्नायू दुखले, लघवी गडद झाली तर लगेच कळवायचं, मधूनमधून यकृताची तपासणी करायची, एवढं सांगितलं गेलं. स्वभावाबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायचं असतं हे त्या खोलीतल्या आम्हा तिघांपैकी कुणाच्या मनातही आलं नसतं.

काही आठवड्यांनी वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला हे थोडे वेगळे वाटतात का गं?"

दादा मुळात शांत माणूस. आवाज चढवून बोलणं त्याच्या स्वभावात नाही. लहानपणापासून घरात कुणाचं भांडण लागलं की तो उठून गॅलरीत जायचा. वहिनीने जे सांगितलं ते अगदी छोटं होतं. दुपारी तिने त्याच्याजवळ पाण्याचा पेला ठेवला. पेल्याचा टेबलावर टक्‌ असा आवाज झाला. दादाने पेपरमधून मान वर केली, पेला उचलला आणि तसाच खाली आपटला. पाणी पेपरवर सांडलं. मग अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "किती वेळा सांगायचं, आवाज करू नकोस म्हणून?" त्याने हे आधी कधीच सांगितलेलं नव्हतं. वहिनीचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. पेल्याभोवतीची मूठ तशीच आवळलेली होती आणि अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. दहा मिनिटांनी त्याने तिला नेहमीच्या आवाजात विचारलं, की टीव्हीचा रिमोट कुठे आहे. मधे काही झालं याची त्याला जाणीवच नव्हती.

माझं मन तिथेच अडकून राहिलं. चिडलेला माणूस आपण चिडलो हे जाणतो. निदान नंतर तरी जाणतो. दादाच्या लेखी मात्र ते घडलंच नव्हतं.

गोळीचा आणि या पेल्याचा काही संबंध असेल का, हे शोधायला मी वाचत गेले. ही गोळी हाडापर्यंत पोचली कशी, तिथूनच सुरुवात करावी लागली.

सिम्वास्टॅटिन ज्या स्टॅटिन गटात मोडतं, त्या औषधांचा उगम बुरशीत आहे. जपानमध्ये अकिरा एंडो या संशोधकाने १९७१ पासून हजारो बुरशी तपासल्या. कोलेस्टेरॉल तयार होण्याचं काम रोखणारं काहीतरी त्यांतल्या एखादीत असेल, असा त्याचा कयास होता. १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीत त्याला ते सापडलं. त्या जातकुळीतलं लोवास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं, मागोमाग सिम्वास्टॅटिन, प्रवास्टॅटिन, अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांमधले एकूण मृत्यू तीस टक्क्यांनी कमी झाले होते. ज्याला एकदा हार्ट अटॅक येऊन गेलाय त्याच्यासाठी ही गोळी काय आहे, याबद्दल तेव्हापासून वाद उरला नाही. मीही पुढे जे लिहिते आहे ते अशा माणसाच्या गोळीबद्दल नाही. त्याने ती स्वतःच्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं.

हाडाची गोष्ट १९९९ ची. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत ग्रेगरी मंडी आणि त्याचे सहकारी हाड वाढवणारं रसायन शोधत होते. शरीरात बीएमपी-२ नावाचं एक प्रथिन असतं, ते पेशींना हाड बनवण्याचा हुकूम देतं. या प्रथिनाचं उत्पादन वाढवणारं काही मिळतंय का, म्हणून त्यांनी तीस हजारांहून अधिक नैसर्गिक रसायनं चाळली. त्या चाळणीतून जे वर आलं ते निघालं लोवास्टॅटिन, म्हणजे लाखो लोक आधीच रोज गिळत होते ती कोलेस्टेरॉलची गोळी. उंदरांच्या कवटीवर कातडीखाली ते टोचलं तर तिथलं नवं हाड जवळजवळ दीडपट झालं. 'सायन्स' या नियतकालिकात तो शोधनिबंध आला आणि हाडांच्या डॉक्टरांमध्ये मोठी आशा जागी झाली. ती आशा मला समजते. हाड धरत नाही म्हणून महिनोन्‌महिने पडून राहिलेला माणूस ज्याने जवळून पाहिलाय, त्याला ती समजेलच.

कोलेस्टेरॉलचा आणि हाडाचा संबंध काय? पेशीमध्ये कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक लांब साखळी आहे. तिच्यात सुरुवातीलाच मेवालोनेट नावाचं द्रव्य तयार होतं. स्टॅटिन नेमकं ते तयार होऊ देत नाही. पण मेवालोनेटपासून फक्त कोलेस्टेरॉल बनत नाही. पेशीच्या आतले निरोप इकडून तिकडे नेणाऱ्या प्रथिनांना ज्या चरबीच्या शेपट्या लागतात त्या त्यातूनच येतात, पेशीच्या ऊर्जेसाठी लागणारं कोएन्झाइम क्यू-१० त्यातूनच येतं. झाडाला बुंध्यापाशी बांध घातला की फक्त एका फांदीचं पाणी तुटत नाही, तसं हे आहे. ठिसूळ हाडांसाठी जी औषधं सर्रास दिली जातात, अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट, तीही याच साखळीवर काम करतात, फक्त काही पायऱ्या खाली. म्हणून स्टॅटिनचा हाडावर परिणाम होणं हे अजिबात चमत्कारिक नाही. मेंदूवर होणंही नाही.

मात्र उंदरातून माणसात येताना ती आशा बरीच विरळ झाली. तोंडाने घेतलेलं सिम्वास्टॅटिन आधी यकृतात जातं, आणि यकृत ते जवळजवळ सगळं धरून ठेवतं. पाच टक्क्यांहूनही कमी औषध पुढे रक्तात उतरतं. कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतातच बनत असल्यामुळे हृदयाच्या दृष्टीने ते उत्तम. नडगीच्या दृष्टीने मात्र तिथे पोचायला उरतं काय? स्वीडनमध्ये २००२ साली उंदरांच्या मोडलेल्या मांडीवर प्रयोग झाला, त्यात हाड खरोखर अधिक भक्कम जुळलं. पण तिथे डोस होता रोज किलोमागे १२० मिलिग्रॅम. वजनाचा सरळ हिशेब केला तर साठ किलोच्या माणसाला रोज सात हजार मिलिग्रॅमच्या वर. दादा घेत होता वीस. उंदीर औषध फार झपाट्याने पचवून टाकतो, त्यामुळे असा सरळ हिशेब खरं तर लावता येत नाही. तरीही आकड्यांमधली ही दरी नजरेआड करता येत नाही.

२००० साली काही मोठ्या नोंदींच्या अभ्यासांत स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण कमी दिसलं होतं. नंतरच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. ज्या हृदयाच्या चाचण्यांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडलेले होते, त्यांचे आकडे पुन्हा तपासले तर फ्रॅक्चर कमी झाल्याचं काही दिसलं नाही. रोसुवास्टॅटिनच्या एका फार मोठ्या चाचणीचा हिशेब २०१५ मध्ये आला, त्यातही नाही. जिथे औषध थेट हाडापाशी ठेवता येतं तिथे गोष्ट थोडी वेगळी आहे. बंगळुरूच्या सरकारी दंत महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीच्या हाडातल्या खड्ड्यात सिम्वास्टॅटिनचं १.२ टक्क्यांचं जेल भरलं, आणि तिथलं हाड चांगलं भरून आलं. यकृताच्या वाटेने जावंच लागलं नाही. मला वाटतं या औषधाचं हाडांमधलं भवितव्य असलंच तर तिथे आहे, गिळायच्या गोळीत नाही.

आता वर्तनाकडे येते.

कोलेस्टेरॉल कमी करणं आणि माणसाचं बिथरणं, हा संशय स्टॅटिनपेक्षा जुना आहे. १९९० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सहा चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. आहाराने किंवा तेव्हाच्या औषधांनी कोलेस्टेरॉल उतरवलेल्या पुरुषांत हृदयाने मरणारे कमी झाले होते, पण अपघात, आत्महत्या, हिंसा यांनी मरणारे वाढले होते. त्या चाचण्यांत स्टॅटिन नव्हतं. त्याच सुमारास माकडांच्या कळपांवर प्रयोग झाले. कमी कोलेस्टेरॉलचा आहार दिलेली माकडं एकमेकांच्या अंगावर जास्त धावून जात होती. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी याचा धागा असावा, अशी मांडणी पुढे आली. नंतर स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांत हिंसक मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. बहुतेकांनी विषय मिटला असं धरलं. पण मृत्यू मोजले म्हणजे राग मोजला गेला असं होत नाही. कुठल्याही चाचणीत पेला आपटल्याचा रकाना नसतो.

तो रकाना निर्माण करायचा प्रयत्न ज्या थोड्या लोकांनी केला त्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या डॉ. बिएट्रिस गोलोम या आघाडीवर आहेत. २००४ मध्ये त्यांनी सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. स्टॅटिन सुरू झाल्यावर ही माणसं विलक्षण चिडखोर झाली होती. कुणी घरच्यांना धमक्या देत होतं, कुणी गाडी चालवताना संतापाने बेभान होत होतं, कुणी वस्तूंची मोडतोड केली, काहींच्या मनात तर जीव घेण्याचे विचार येऊन गेले. घरातली माणसं त्यांना घाबरू लागली होती. गोळी बंद केल्यावर सहाही जण लवकरच पूर्ववत झाले. चौघांनी पुन्हा स्टॅटिन घेऊन पाहिलं आणि चौघांचाही त्रास परतला. बंद केल्यावर थांबणं आणि सुरू केल्यावर परत येणं, एकट्या रुग्णाच्या बाबतीत औषधाकडे बोट दाखवायला याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही. तरीही सहा म्हणजे सहाच. असं किती जणांना होतं, हे त्यावरून सांगता येत नाही.

म्हणून त्यांचा २०१५ चा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. एक हजार सोळा माणसं, पुरुष आणि पाळी गेलेल्या स्त्रिया. कुणाला सिम्वास्टॅटिन, कुणाला प्रवास्टॅटिन, कुणाला औषध नसलेली, नुसती खोटी गोळी. कुणाला काय मिळतंय ते कुणालाच ठाऊक नाही. सहा महिने. त्यातून जे निघालं ते एका वाक्यात मावत नाही. पुरुषांमध्ये एकंदर कल आक्रमकता कमी होण्याकडे होता, मात्र मोजक्या काही पुरुषांत ती उलट खूपच वाढली. पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये सरासरीनेच ती वाढली, आणि मुळात शांत असलेल्या स्त्रियांत अधिक. सिम्वास्टॅटिनमुळे काहींचं टेस्टोस्टेरॉन उतरलं, त्यांची आक्रमकता घटण्याकडे झुकली. काहींची झोप बिघडली, त्यांची वाढण्याकडे झुकली. म्हणजे एकच गोळी एकाला मवाळ करते आणि दुसऱ्याला तिखट. सगळ्यांची बेरीज करून भागाकार केला की उत्तर शून्याच्या आसपास येतं, आणि त्या शून्यात दोन्ही माणसं दिसेनाशी होतात.

झोपेचा धागा वाचल्यावर मी वहिनीला फोन केला. ती लगेच म्हणाली, "दोन वाजता उठून बसतात. पाय दुखतो म्हणतात."

सिम्वास्टॅटिन चरबीत विरघळणारं आहे, त्यामुळे मेंदूभोवतीची भिंत ते काही प्रमाणात ओलांडू शकतं. प्रवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन पाण्यात विरघळणारी आहेत, ती तितकी सहज आत शिरत नाहीत. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातलं जवळजवळ पाचवा हिस्सा कोलेस्टेरॉल तिथे असतं. मेंदू रक्तातलं कोलेस्टेरॉल घेत नाही, स्वतःचं स्वतः बनवतो. हे वाचून मनात लगेच एक चित्र तयार होतं, की गोळी मेंदूत गेली, तिथलं कोलेस्टेरॉल उतरलं, माणूस चिडला. पण हे चित्र इतकं सोपं आहे म्हणूनच मी त्याला धरून बसले नाही. मेंदूतलं कोलेस्टेरॉल फार संथ गतीने बदलतं, आणि ज्यांचा त्रास खरा ठरला त्यांच्यात तो नेमका कुठल्या वाटेने आला हे अजून कुणी उलगडलेलं नाही.

औषध नियामकांनी याची थोडी दखल घेतली आहे. ब्रिटनमधल्या नियामक संस्थेने २००९ मध्ये स्टॅटिनच्या माहितीपत्रकांत झोपेच्या तक्रारी, विस्मरण आणि नैराश्य यांचा उल्लेख घालायला लावला. अमेरिकेत २०१२ मध्ये विस्मरण आणि गोंधळलेपणा यांची भर पडली, आणि हे सहसा गंभीर नसतं, औषध थांबवल्यावर जातं, असंही सोबत नमूद झालं. दुसऱ्या बाजूला स्वीडनमधल्या अकरा लाखांहून अधिक स्टॅटिन घेणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गोळी चालू असताना नैराश्याचं निदान किंचित कमीच होत असल्याचं दिसलं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. बहुसंख्यांना काही होत नाही, काहींना बरंही वाटतं, आणि थोड्यांचं घर हादरतं.

त्यानंतर मी तो अभ्यास वाचला ज्याने मला खूप विचार करायला लावलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मंडळींनी साठ माणसं घेतली, सगळी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेली. वर्षभरात प्रत्येकाने चार महिने स्टॅटिन, चार महिने खोटी गोळी आणि चार महिने काहीच नाही, असं उलटसुलट क्रमाने घेतलं. रोज आपल्या त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. काहीच न घेतलेल्या महिन्यांत सरासरी आली ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. गोळीमुळे जो त्रास वाढला त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीनेही होत होता. त्रास खोटा नव्हता, तो खराखुरा जाणवत होता. पण त्याचा उगम गोळीतल्या रसायनात कमी आणि गोळी घेण्याच्या धास्तीत जास्त होता. त्यांच्यातल्या निम्म्या जणांनी हे पाहिल्यावर गोळी पुन्हा सुरू केली.

हा निकाल मी मानते. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून कुणीही "स्टॅटिनने मला असं झालं" म्हटलं की त्याच्याकडे जरा सबुरीने पाहायला हवं, हेही मानते. तरी दादाच्या बाबतीत तो जसाच्या तसा बसत नाही. त्या साठ जणांना स्वतःचा त्रास स्वतःला जाणवत होता, म्हणून ते गुण देऊ शकत होते. दादाला विचारलं असतं तर त्याने शून्य दिला असता. मनापासून दिला असता. धास्ती घ्यायची तर त्याला निदान काहीतरी होतंय असं वाटायला हवं होतं. मग धास्ती वहिनीची असेल का? पाहणाऱ्याच्या मनातही अपेक्षा असतेच, आणि एकदा संशय आला की साधा खोकलासुद्धा रागाचा वाटतो. पण वहिनीने मला तो प्रश्न विचारला तेव्हा स्टॅटिन आणि राग हे दोन शब्द तिने एकत्र कधी ऐकलेही नव्हते. गोळीबद्दल तिने तक्रार केलीच नव्हती. तिने नवऱ्याबद्दल विचारलं होतं.

माझं म्हणणं याच जागी आहे. दुखलं, खाज आली, मळमळलं तर रुग्ण सांगतो. स्वभाव बदलला तर रुग्ण सांगत नाही, कारण त्याला आतून सगळं रास्त वाटत असतं. आवाज खरंच मोठा होता, बायको खरंच हळू करते, लोक खरंच मूर्खासारखे गाडी चालवतात. हा बदल ज्याच्यावर आदळतो तो माणूस औषध घेत नसतो आणि तपासणीच्या खोलीत त्याला कुणी काही विचारत नाही. बरोबर आलेली व्यक्ती बहुतेक वेळा फाइल सांभाळत बसलेली असते. सहा रुग्णांच्या त्या हकिगतीत "घरच्यांना भीती वाटू लागली" अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि मी ते वाचताना थबकले, कारण वैद्यकीय लिखाणात घरच्यांचं वाटणं इतक्या सरळपणे मांडलेलं मी क्वचितच पाहिलंय.

आणि इथे गोळी कशासाठी चालली होती यावरून हिशेब बदलतो. तीच गोळी हार्ट अटॅकनंतर चालू असती तर मी वहिनीला म्हटलं असतं, की थांब, डॉक्टरांना सांगू, गोळी बदलता येते, पाण्यात विरघळणारी देता येते, डोस कमी करता येतो, पण सोडायची नाही. कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात जीव आहे. हाडासाठी घेताना दुसऱ्या पारड्यात काय आहे? उंदरांचे प्रयोग आणि एक शक्यता. अशा वेळी घरातली शांतता ही किरकोळ गोष्ट राहत नाही. सिद्ध न झालेल्या फायद्यासाठी लहानसा दुष्परिणामही महाग पडतो, आणि हा लहानसा नव्हता. निदान वहिनीसाठी तरी नव्हता.

दुसऱ्या कारणांकडे डोळेझाक करायची नाही असं आम्ही ठरवलं होतं, कारण ती कारणंही काही कमी नव्हती. कामावर जाणारा, रोज चालणारा माणूस खाटेला खिळला होता. पाय दुखत होता. झोप तुटत होती. आंघोळीला दुसऱ्याचा हात लागत होता. हाड धरलं नाही तर पुन्हा चिरफाड, हाडाचा तुकडा कमरेतून काढून बसवणं, हे सगळं त्याच्या कानावर आलेलं होतं. या अवस्थेत कुठलीही गोळी न घेता माणूस चिडचिडा होऊ शकतो. वय जास्त असेल तर मोठ्या ऑपरेशननंतर काही काळ भ्रमही होतो. वहिनीचं यावर एकच म्हणणं होतं. पाय मोडल्यानंतरचे पहिले महिने जास्त वाईट होते, आणि तेव्हा हे असे नव्हते.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. वहिनीने एका वहीत तारखा घालून लिहिलं होतं, काय झालं, किती वाजता, आदल्या रात्री झोप कशी होती. डॉक्टरांनी ती वही हातात घेऊन वाचली. वाचून म्हणाले, की हे औषधाने होत असेल किंवा नसेल, पण हृदयासाठी तुम्हाला याची आज गरज नाही आणि हाडासाठी मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही, तेव्हा थांबवू. दादाला हे मुळीच आवडलं नाही. परत येताना गाडीत तो म्हणाला, "म्हणजे मी चिडलो तर गोळीने चिडलो. माझं म्हणणं बरोबर होतं की नाही हे कुणी बघायचंच नाही?"

या प्रश्नावर मी अजून विचार करते. तो चुकीचं बोलत नव्हता. माणसाच्या रागाचं श्रेय गोळीला दिलं की त्याच्या रागातलं म्हणणंही आपण काढून घेतो. आजारी माणसाच्या बाबतीत हे फार सहज होतं. तो तक्रार करतो आणि भोवतालची माणसं एकमेकांकडे बघून मान हलवतात. दादाला ते नको होतं. दुसरीकडे वहिनीला "ते दुखण्याने चिडतात गं" हे ऐकून ऐकून कंटाळा आला होता, कारण त्या वाक्यानेही तिचं म्हणणं काढून घेतलं जात होतं. दोघांनाही ऐकलं जायला हवं होतं आणि एकाचं खरं मानलं की दुसऱ्याचं पडत होतं. मी दादाला एवढंच म्हणाले, की तू बरोबर होतास की चूक हे आपण बोलू, पण तो पेला तुला आठवत नाही, आणि ते बघायला हवं. तो खिडकीबाहेर बघत बसला. थोड्या वेळाने विचारलं, "कुठला पेला?" वहिनीने त्याला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. त्याने मधे एकदाही तिला तोडलं नाही.

गोळी थांबली. काही आठवड्यांत दादा निवळला. रात्री सलग झोपू लागला, वहिनीच्या वहीतली पानं रिकामी जाऊ लागली. पुढच्या एक्स-रेत कॅलसची पुसटशी रेघ दिसली आणि त्यानंतरच्यात ठळक. गोळीने हाडाला काही दिलं की नाही, हे यावरून कुणालाच सांगता येणार नाही. हाड आपल्या वेळेने धरतं, उशिरा का होईना बहुतेकदा धरतंच.

राग गोळीचाच होता असं मी त्या वेळी जवळजवळ धरून चालले होते. मग नंतरच्या एका तपासणीत डॉक्टर जुनी प्रिस्क्रिप्शन चाळताना मधेच थांबले. दुखण्यासाठी दादाला ट्रॅमाडॉल चालू होतं. सिम्वास्टॅटिन सुरू व्हायच्या सुमारास त्याचा डोस वाढवला होता, आणि सिम्वास्टॅटिन थांबवलं त्याच पंधरवड्यात तेही हळूहळू काढून घेतलं होतं. ट्रॅमाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करतं, झोप आणि मनःस्थिती दोन्ही हलवू शकतं. वहिनीच्या वहीत राग होता, झोप होती, वेळा होत्या. दुखण्याच्या गोळीची नोंद नव्हती, कारण तिच्याकडे कुणी औषध म्हणून पाहिलंच नव्हतं, ती नुसती दुखण्याची गोळी होती. डॉक्टर म्हणाले, "दोघांपैकी एक, दोन्ही मिळून, किंवा एकही नाही. हे वेगळं करायचं तर एकेक गोळी पुन्हा सुरू करून बघावी लागेल." वहिनी म्हणाली, "नको." दादाही म्हणाला, "नको."

वहिनीने घरी येऊन वहीत एक नवा रकाना आखला. आता घरात कुणाचीही कुठलीही गोळी सुरू झाली, वाढली किंवा थांबली, की तारीख त्यात पडते. दादाच्या रक्तदाबाची गोळी मागच्या महिन्यात बदलली, तीही त्यात आहे, आणि त्या ओळीतलं अक्षर दादाचं आहे.